कंडक्टरताईंचे भांडकुदळ मासे

गॅसवर चहा उकळत होता, परातीत कणीक अर्धी मळून झाली होती, आमचे हे न्हाणीघरातून "टॉवेल!" म्हणून हाका मारत होते आणि सासूबाई खिडकीशी बसून, "लहानपणी याला टॉवेल कोण देत होतं? मीच. लाडावला तो तिथेच," असं भिंतीला सांगत होत्या. म्हणजे रोजचीच सकाळ. तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, दणकेच. आमच्या दाराला बेल आहे आणि ती वाजतेही. ती सोडून जो दार बडवतो त्याला एक तर घाई असते नाहीतर राग. मी कणकेच्या हातांनीच धावले.

दारात समोरच्या बिऱ्हाडातल्या कंडक्टरताई. वर गणवेशाचा कडक इस्त्रीचा शर्ट, खाली फुलाफुलांचा गाऊन, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत ओल्या आणि हनुवटीवरून पाणी ठिबकतंय.

"वहिनी, असतील नसतील तेवढी पातेली द्या! बादल्या द्या! जे पाणी धरेल ते द्या!"

"अहो, झालं काय?"

"टाकी तडकली! माझी माणसं चालली!"

माणसं म्हणजे मासे. आमच्या मजल्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तुम्हाला सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी ताई कोण ते सांगायला हवं.

ताई शहरबसवर कंडक्टर आहेत. उंची बेताची, अंग भरलेलं, आणि आवाज असा की पुढच्या दाराशी उभ्या राहून त्या बोलल्या की मागच्या दारातला माणूस आपोआप आत सरकतो. इमारतीतली पोरं त्यांना पाठीमागे 'पुढेसरकाबाई' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि जिन्यात पोरांचा घोळका आडवा आला की त्या मुद्दामच "चला, पुढे सरका, मध्ये जागा आहे," म्हणत वाट काढतात. यजमान फार लवकर गेले. एकच मुलगी, तिला वाढवलं ते पाळ्या बदलून घेत, आज सकाळची, उद्या दुपारची, शाळेच्या वेळा आणि गाडीच्या वेळा यांची गाठ मारत. ती आता नोकरीला लांब असते. घरात ताई आणि ही भिंतभर काचेची टाकी.

टाकी काही हौस म्हणून आली नाही. एकदा गाडी डेपोत लागली आणि मागच्या सीटवर कुणाची तरी प्लास्टिकची पिशवी राहिलेली सापडली. पिशवीत पाणी, पाण्यात दोन मासे, एक गडद निळा, एक पिवळा. हरवलेल्या वस्तू ठेवणाऱ्या खिडकीतल्या माणसानं हात वर केले. "छत्री घेतो, चष्मा घेतो, दातांची कवळीसुद्धा घेतली आहे. जिवंत काही घेत नाही," म्हणाला. शोधायला कुणी आलंच नाही, तेव्हा ताईंनी पिशवी घरी आणली आणि मासे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडले. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून परत येऊन बघतात तर पिवळा मेलेला आणि निळा मजेत बरणीच्या तळाशी फिरतोय, जणू घर नावावर करून घेतलंय! ताईंना इतका राग आला की कितीतरी दिवस त्या निळ्याशी बोलल्याच नाहीत. खायला घालायच्या, पण तोंड फिरवून.

मग त्या माशांच्या दुकानात जाब विचारायला गेल्या, तिथे त्यांना खरं कळलं. दुकानदार म्हणाला, "बाई, ही सिक्लिडची जात. मूळची आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातली. दिसायला देखणी, वागायला भांडकुदळ. एकेका दगडासाठी जीव घेतील. दोन ठेवाल तर एक मरणारच. ठेवायचेच तर मोठी टाकी घ्या आणि पुष्कळ ठेवा. मार वाटला जातो मग, एकट्याच्या पाठीवर पडत नाही."

हे ऐकून ताई दुकानातच खो खो हसत सुटल्या. "अहो, ही तर माझी गाडी!"

मला त्यांनी हे नंतर चहा पिताना समजावलं होतं. "वहिनी, लोकांना वाटतं गर्दीत भांडणं होतात. छे! गच्च भरलेल्या गाडीत भांडायला जागा तरी कुठे असते? दोघं एकमेकांवर खेकसले तरी मध्ये चौघांची डोकी आलेली असतात. खरी भांडणं अर्ध्या रिकाम्या गाडीत. ढीगभर सीटा मोकळ्या असतात आणि दोघांना तीच एक खिडकी हवी असते."

तर अशी ती भरलेली टाकी. पिवळे, निळे, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि त्यांच्यात तो मूळचा निळा, आता तळहाताएवढा झालेला. त्याचं नाव तपासनीस. कारण तो सारखा एकेकासमोर जाऊन, कल्ले फुगवून असा उभा राहतो की समोरच्यानं खिशातून तिकीट काढून दाखवावं.

आणि आज ती टाकी तडकली होती.

मी चहा बंद केला, दोन बादल्या उचलल्या आणि समोर धावले. सासूबाईही निघाल्या. एरवी त्यांना जिना उतरायला आमचा हात लागतो. त्या माझ्याआधी ताईंच्या दारात!

समोरच्या काचेला खाली कोपऱ्यात केसाएवढी रेघ गेली होती आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार, अगदी पिचकारीसारखी, थेट समोरच्या खुर्चीवर उडत होती. टाकीच्या आत धूळधाण. एक भलामोठा दगड कलंडून काचेला टेकला होता, वाळूचा ढीग झाला होता, आणि त्या ढिगावर तपासनीस छाती काढून उभा होता.

"यानंच केलं!" ताई म्हणाल्या. "कालपासून याचं दगडाखाली खोदकाम चाललंय. तोंडात वाळू भरायची आणि शेजाऱ्याच्या दारात थुंकायची. मला काय माहीत, पायाच काढून घेईल दगडाचा? सकाळी मी दुपारच्या पाळीचा शर्ट घालून बघतेय आणि टक्क! दगड काचेवर!"

"भेगेत साबण दाबा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी बादली गळली की ओला साबण घासायचो. लगेच थांबायची."

"साबण नको काकू! थेंब जरी आत गेला तरी सगळी मरतील!"

धार चालूच. मग सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या बोटांना अजून कणीक चिकटलेली होती.

"मग ही लाव की," त्या म्हणाल्या.

मी परत घरात पळाले, परातीतला गोळा तसाच उचलला आणि बाहेरून त्या रेघेवर थापला. सासूबाईंनी वरून प्लास्टिकची पिशवी धरली आणि दोन्ही तळहातांनी दाबून ठेवली. धार थांबली. पूर्ण नाही, कडेनं झिरपत राहिली, पण पिचकारी बंद! ताईंनी सासूबाईंच्या गालाचा मुकाच घेतला असता, हात मोकळे असते तर.

"सोडू नका काकू! किती वेळ धराल?"

"तू बोलत बसलीस तर फार वेळ नाही."

मग सुरू झाली ती पळापळ! आधी पाणी वाचवायचं. मला वाटलं होतं मासे उचलायचे आणि आमच्या नळाच्या पाण्यात सोडायचे. ताई ओरडल्याच. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यांना सोसत नाही, आणि ते थंडही. त्यांचं जुनं पाणीच हवं. म्हणून तांब्यातांब्यानं टाकीचं पाणी बादल्यांत, बादल्या भरल्या तशी पातेल्यांत, पातेली भरली तशी डब्यांत. आमचे हे टॉवेल शोधत बाहेर आले, तर स्वयंपाकघर रिकामं आणि समोरच्या घरातून ओळीनं भांडी येताहेत. विचारलं काहीच नाही. बाकी काही असो, माणूस शहाणा आहे. कमरेला चादर गुंडाळून ते दोन्ही दारांच्या मध्ये उभे राहिले आणि भांडी पुढे सरकवू लागले.

"पण एवढ्या सगळ्यांना ठेवायचं कुठे?" मी विचारलं.

"तुझा कमळाचा टब," आमचे हे म्हणाले.

गेल्या वर्षी मी बाल्कनीत कमळ लावीन म्हणून एक मोठा काळा टब आणला होता. कमळ काही आलं नाही. टब अजून कोरा, त्यावरची कागदी चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही. घरात त्यावरून माझी इतकी थट्टा झाली आहे की त्या टबाचं नाव निघालं की मी विषय बदलते. पण आज तोच टब! ताईंनी तो नाकाशी धरून वास घेतला, साबण नाही, रंग नाही, आणि "देवासारखा उभा राहिला," म्हणाल्या. टबाला की यांना, ते कळलं नाही. टब आमच्या बैठकीत आला. त्यात जुनं पाणी ओतलं, ताईंचा हवेचा पंप लावला, पाणी कोमट ठेवणारी कांडी लावली. बुडबुडे सुरू झाले.

आता मासे. पण ताई जाळं हातात घेऊन टाकीसमोर नुसत्याच उभ्या.

"काय झालं?"

"ती कुठे आहे?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लेकुरवाळी."

लेकुरवाळी म्हणजे राखी रंगाची, कुणाच्या नजरेत न भरणारी मादी. या जातीची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं फुटून पोहण्याजोगी होईपर्यंत तोंडातच वाढवते. तितके दिवस अन्नाचा कण खात नाही. गळा थैलीसारखा फुगलेला आणि पाठ मात्र वाळत चाललेली. तिनं याआधीही असंच केलं होतं, आणि दर वेळी ताई ड्युटीवर असतानाच पिल्लं बाहेर सोडली होती. संध्याकाळी ताई यायच्या तेव्हा लेकुरवाळीचा गळा सपाट, आणि बाकीच्यांची पोटं भरलेली. एवढ्या वर्षांत या टाकीतलं एकही पिल्लू ताईंनी जिवंत पाहिलेलं नाही. या वेळी त्यांनी ठरवलं होतं की दिवस भरत आले की तिला वेगळं काढायचं. उद्या सुट्टी म्हणून ते काम आजच करायचं होतं, आणि आजच दगड पडला.

"घाबरली तर थुंकेल," ताई म्हणाल्या. "नाहीतर गिळेल. तिला जाळं लावायचं नाही. पाण्याबाहेर काढायचं नाही. वहिनी, तुमच्याकडे पसरट पातेलं आहे ना, दुधाचं?"

पाणी उतरत चाललं होतं. आम्ही एकेक दगड उचलून बाहेर ठेवला. आडोसा गेला तशी सगळी मंडळी इकडून तिकडे, तिकडून इकडे, रंगांची नुसती झुंबड. तपासनीस अजूनही त्या ढिगाऱ्यावर, राज्य गेलं तरी राजा. आणि लेकुरवाळी सापडली ती पंपाच्या नळीमागे, काचेला अंग चिकटवून.

"कणीक मऊ पडायला लागली गं," सासूबाई म्हणाल्या.

"धरा, काकू, धरा!"

ताईंनी पातेलं आडवं करून हळूच पाण्यात बुडवलं आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर धरून ठेवलं. ढकललं नाही, हलवलं नाही. बसमध्ये ज्यांचा आवाज टोकाला पोचतो त्या ताई इतक्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं. "ये बाई," त्या पुटपुटत होत्या. "सावकाश चढ. गाडी थांबलेली आहे. तू चढल्याशिवाय बेल देत नाही."

कणकेचा एक लगदा खाली गळून पडला. पाण्याची धार पुन्हा सासूबाईंच्या मनगटावरून वाहू लागली. सासूबाईंनी दाब सोडला नाही. आमचे हे दारात श्वास रोखून, चादर सावरत. लेकुरवाळी थोडी पुढे आली, थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि पातेल्याच्या सावलीत शिरली! ताईंनी पातेलं सरळ केलं आणि पाण्यासकट वर उचललं.

"टिंग टिंग!" आमचे हे दारातून ओरडले.

"हळू बोला हो दादा!" ताई खेकसल्या, पण हसत.

पातेल्यावर ताटली अर्धवट झाकून ते आमच्या फळीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, छोट्या पंपाची नळी सोडून ठेवलं. मग बाकीच्यांना धरायला वेळ लागला नाही. टाकीत घोट्याएवढं पाणी, आडोसा नाही, ताईंचं जाळं आणि ताईंचा आवाज. "चला, चला, पुढे सरका! तुम्ही हो, नारिंगी! दार अडवू नका!" तपासनीस सगळ्यांत शेवटी निघाला आणि निघताना जाळ्याला चावला. सासूबाईंनी हात सोडले तशी उरलेली कणीक, वाळू आणि पाणी असा सगळा काला जमिनीवर आला.

आम्ही सगळे बैठकीत टबाभोवती उकिडवे बसलो. आणि काय सांगू! टबात शांतता. दगड नाही, बीळ नाही, कोपरा नाही. सगळी मंडळी तळाशी एका जागी, अंगाला अंग लावून, गुपचूप. तपासनीसही त्यांच्यातलाच एक, रंग उतरलेला, कल्ले मिटलेले.

"बघितलंत?" ताई कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. "उभ्यानं प्रवास. कुणालाच सीट नाही, मग भांडण कशाचं?"

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग ताईंना दया आली.

मंडळीत एक अगदी लहानखुरा पिवळा होता. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, म्हणून नाव फाटका. तो घोळक्याच्या बाहेर, पाण्याच्या वरच्या थराशी, एकटाच थरथरत होता. "याला तरी बिचाऱ्याला लपायला काहीतरी देऊ," असं म्हणत ताईंनी जाऊन टाकीतली छोटी मातीची कुंडी आणली आणि टबाच्या कडेला आडवी ठेवली. फाटका बिचकत बिचकत तिच्याजवळ गेला. आत डोकावला. शेपूट आत गेली.

आणि तपासनीसाला रंग चढला! आमच्या डोळ्यांदेखत तो फिकट मासा गडद निळा झाला, कल्ले फुगले, बाणासारखा कुंडीकडे गेला, फाटक्याला बाहेर फेकलं आणि स्वतः आत शिरून दारात तोंड काढून बसला. बसला तो बसला, पण जवळून जाणाऱ्या एकेकाला धाव घेऊन चावू लागला. घोळका फुटला. नारिंगी पट्टेवाल्याला भिडला, पट्टेवाला आणखी कुणाला. पाण्यात खवले चमकू लागले. फाटका टबाच्या काठाशी जीव मुठीत धरून.

ताईंनी कपाळावर हात मारला. "राखीव सीट! अहो, राखीव सीट दिली मी त्याला!"

"म्हणजे?"

"गाडीत नसते का, अशक्त माणसासाठी? लिहिलेलं असतं वर. आणि दर फेरीला तिथे कोण बसलेलं असतं? सगळ्यांत धडधाकट! जन्म गेला त्यांना उठवण्यात, आणि आज मीच हातानं सीट मांडली! गाडीत उठवता तरी येतं, याला कशी उठवू?"

त्यांनी कुंडी काढायला पाण्यात हात घातला. तपासनीस बोटाला असा डसला की ताई "आई गं!" करून मागे बसल्या. पुन्हा हात घातला, तर कुंडीबरोबर हाही वर येऊ लागला, सोडेना.

सासूबाई ओल्या बाह्या पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एकालाच दिलंस म्हणून रडारड. सगळ्यांना दे की. लहान पोरांत असंच करतात."

सगळ्यांना? एवढ्या कुंड्या आणायच्या कुठून? मी उठले. कपाटाचं दार उघडलं आणि कप काढायला लागले. रोजचे, पाहुण्यांचे, कान तुटलेले, लग्नात आलेले आणि अजून खोक्यातच असलेले, यांनी कुठल्याशा स्पर्धेत जिंकून आणलेला मोठा. "तो माझा आहे," हे म्हणाले, पण तोवर तो टबात गेला होता. ताईंना एकदम उमगलं. त्या टबाच्या काठावर ओणव्या, मी हातात देतेय, त्या पाण्यात आडवे मांडताहेत, इकडे, तिकडे, एकाचं तोंड दुसऱ्याला दिसणार नाही असे. "आणखी द्या! माणसांपेक्षा सीटा जास्त पाहिजेत! आणखी!" कप संपले तेव्हा पेले दिले, पेले संपले तेव्हा बरण्या.

आणि तपासनीसाची जी तारांबळ उडाली! तो या कपातून त्या कपात. एकाला हाकलावं तर तो शेजारच्या कपात शिरलेला. त्याला हाकलायला जावं तर मागे आपल्या कुंडीत दुसराच बसलेला! तो फिरला, गरगरला, प्रत्येक दारात जाऊन कल्ले फुगवून आला, पण तपासायचं तरी किती जणांना? शेवटी दमून यांच्या बक्षिसाच्या कपात जाऊन बसला. नारिंगी पाहुण्यांच्या कपात. पट्टेवाला पेल्यात. आणि एका कान तुटलेल्या कपातून हळूच एक फाटकी शेपूट बाहेर आली, हलली, पुन्हा आत गेली.

आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. सासूबाईंनी सगळ्यांत जोरात. मग चहा पुन्हा गरम केला आणि आम्ही तो वाट्यांतून प्यायलो, कारण घरात कप उरला नव्हता. हे म्हणाले, "वाटीतला चहा लवकर निवतो, आजपासून असाच देत जा."

ताईंनी मात्र वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. त्यांची नजर फळीवरच्या पातेल्याकडे होती. इतका वेळ कुणी तिकडे गेलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बघता का?" त्या म्हणाल्या. "मला धीर नाही."

मी उठले. ताटली बोटभर सरकवली. लेकुरवाळी तळाशी होती. तिचं तोंड हलत होतं, चावल्यासारखं, पुन्हा पुन्हा. गिळतेय की काय?

"काय करतेय?" ताईंनी मागून विचारलं.

"थांबा."

"तोंड हलतंय का?"

"थांबा हो ताई, बघू द्या."

मी तशीच वाकून उभी राहिले. मान अवघडली तरी हलले नाही. पातेल्यात खिडकीचा उजेड तिरपा पडत होता. गळा अजून फुगलेलाच होता, हे आधी दिसलं. मग ती माझ्याकडे वळली, तिनं तोंड जरासं उघडलं, जांभई द्यावी तसं, आणि त्या फटीत मला डोळे दिसले! बारीक बारीक, मोहरीएवढे काळे डोळे, दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्यावरून बघावं तसे बाहेर बघणारे! मग तोंड मिटलं. ती त्यांना आतल्या आत हलवत होती, घुसळत होती, चावत नव्हती.

"आहेत!" मी ओरडलेच. "ताई, आहेत! बघताहेत बाहेर!"

ताई कशा आल्या कोण जाणे, मला बाजूला सारून पातेल्यावर वाकल्या. लेकुरवाळीनं पुन्हा तोंड उघडलं. ताईंनी दोन्ही हातांनी फळी धरली. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता गणवेशाच्या ओल्या बाहीनं डोळे पुसायला लागल्या. "गच्च भरलीय हो गाडी," त्या म्हणाल्या. "एकही उतरलेला नाही!"

सासूबाईंनी पाहिलं, यांनी पाहिलं. सासूबाईंना काही दिसलं नसावं, चष्मा समोरच्या घरात राहिला होता, पण त्या "अगदी आईवर गेलेत," म्हणाल्या.

ताईंची दुपारची पाळी होती. मी म्हटलं, "आज रजा टाका ना."

"आजच्या गाडीला बदली नाही. मी नाही गेले तर गाडी उभी राहील, लोक ताटकळतील." त्या उठल्या, समोर जाऊन गाऊन बदलून आल्या, केस नीट बांधून, तिकिटाचं यंत्र खांद्याला लावून. बाह्या अजून ओल्याच होत्या. जाताना त्यांनी टबात डोकावून तपासनीसाला "सांभाळून राहा" असा दम दिला. काच बसवणारा माणूस दोन-चार दिवसांनी येणार होता, तोवर टब आमच्याकडेच राहणार हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दारापर्यंत गेलेल्या त्या परत फळीपाशी आल्या. पातेल्याला हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

"दुकानदार म्हणाला होता, दिवस भरलेत, आज-उद्या सोडेल," त्या मला म्हणाल्या. "तिथे एकटी आहे, खायला कुणी नाही. सोडली तर जगतील. मी मात्र गाडीत असेन, आणि ड्युटीवर फोन बंद पेटीत असतो."

"मग?"

"माझी गाडी आपल्या कोपऱ्यावरून वळते. दुपारी एकदा, मग उन्हं उतरल्यावर. तेव्हा जरा स्टॉपवर येऊन उभ्या राहाल का, वहिनी? गाडीत चढू नका, तिकीट काढावं लागेल. नुसतं खालून मला सांगा, तिनं पिल्लं सोडली की नाही."